औरंगजेबाचा रस्ता कलामांना गेला, आणि दाराला मिळाला तो आपल्या साताऱ्याचं राज्य गिळणाऱ्या डलहौसीचा

ऑगस्ट 2015 ची गोष्ट. माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना जाऊन महिना झाला होता. 28 ऑगस्टला नवी दिल्ली नगरपालिका परिषदेने एक निर्णय घेतला आणि पुढचे कित्येक दिवस टीव्हीवर त्यावरनं रणकंदन चाललं. ल्युटेन्स दिल्लीतल्या औरंगजेब रोडचं नाव बदलून डॉ. एपीजे अब्दुल कलाम रोड करायचं ठरलं.

हा रस्ता म्हणजे काय साधीसुधी गल्ली नव्हे. बडे उद्योगपती, परदेशी राजदूत यांचे बंगले इथे. फाळणीच्या आधी खुद्द बॅरिस्टर जिनांचं घर याच रस्त्यावर होतं, 10 औरंगजेब रोड. आज तिथे नेदरलँड्सचे राजदूत राहतात.

एका बाजूचं म्हणणं होतं, ज्याने बापाला कैदेत टाकलं, भावांना मारलं, जिझिया लावला, त्याचं नाव राजधानीत हवंच कशाला. दुसऱ्या बाजूने इतिहासाचे अभ्यासक म्हणत होते की पाटी काढून इतिहास बदलत नसतो. त्यांनी केंद्रीय गृहखात्याच्या 1975 सालच्या सूचनाही दाखवल्या. रस्त्यांची जुनी नावं उगाच बदलू नका, पोस्टाचा गोंधळ होतो आणि लोकांचं इतिहासाचं भानही जातं, असं सरकारच तेव्हा सांगून बसलं होतं. प्रकरण दिल्ली हायकोर्टापर्यंत गेलं. पाटी मात्र बदलली ती बदललीच. उरलेली औरंगजेब लेन जून 2023 मध्ये कलामांच्याच नावाची झाली.

या सगळ्या वादात एक नाव सारखं मध्ये येत होतं. औरंगजेबाचं नाव काढताय ना, मग तिथे दारा शिकोहचं द्या, असं काही जण म्हणत होते. रस्ता कलामांना गेला, पण दाराचा नंबर लागला 2017 च्या फेब्रुवारीत. साऊथ ब्लॉकच्या बाजूचा डलहौसी रोड आता दारा शिकोह रोड झाला.

आता हा डलहौसी कोण, ते साताऱ्याच्या आणि नागपूरच्या लोकांना वेगळं सांगायला नको. 1848 मध्ये छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब वारले. त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता, पण डलहौसीने ते दत्तक नामंजूर केलं आणि साताऱ्याचं राज्य खालसा करून टाकलं. त्याच्या त्या कुप्रसिद्ध धोरणाचा पहिला घास म्हणजे आपला सातारा. पुढे 1854 मध्ये नागपूरकर भोसल्यांचं राज्यही असंच गेलं. त्यामुळे त्याची पाटी उतरली तेव्हा रडायला कोणीच आलं नाही. ज्या रस्त्यावरनं भांडण झालं तो औरंगजेबाचा, ज्यावरनं झालं नाही तो डलहौसीचा. एवढ्यावरनंच कळतं की भांडण रस्त्याचं नव्हतं.

मग ज्याचं नाव डलहौसीच्या जागी आलं, तो दारा नक्की होता कोण?

20 मार्च 1615 ला अजमेरजवळ त्याचा जन्म झाला. बाप शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा बादशाह शाहजहान. आई मुमताज महल. आधी मुलीच झाल्या होत्या, म्हणून खुर्रमने ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींच्या दर्ग्यात मुलासाठी नवस बोलला होता, आणि मग हा झाला. थोडक्यात नवसाचं पोर. बापाचा जीव त्याच्यात अडकला तो शेवटपर्यंत.

पण लहानपण काही सुखाचं गेलं नाही. खुर्रमने स्वतःच्या बापाविरुद्ध, जहांगीरविरुद्ध बंड केलं आणि ते फसलं. समेट झाला तेव्हा अट अशी पडली की दोन मुलं ओलीस ठेवायची. ती दोन मुलं म्हणजे दारा आणि औरंगजेब. अकरा वर्षांचा दारा आणि त्याच्याहून तीनेक वर्षांनी लहान औरंगजेब आजोबांच्या दरबारात नूरजहानच्या नजरेखाली राहिले. जहांगीर गेला, शाहजहान 1628 मध्ये तख्तावर आला, तेव्हा कुठे पोरं आईबापांकडे परतली.

1633 मध्ये दाराचं लग्न झालं नादिरा बानूशी, म्हणजे चुलत्याच्या, शाहजादा परवेझच्या मुलीशी. मुमताज तोवर वारली होती, त्यामुळे सगळी तयारी थोरली बहीण जहानआराने केली. या लग्नाला 32 लाख रुपये खर्च आला असं सांगतात. मुघल शाहजाद्यांच्या जनानखान्याच्या कथा आपण ऐकतो, पण दाराने नादिरानंतर दुसरं लग्न केलं नाही. तिला त्याने चित्रांचा एक अल्बम भेट दिला होता, फुलं, पक्षी, राजपुत्र असं काय काय असलेला. तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

त्याच वर्षी आग्र्याला हत्तींच्या झुंजीत एक हत्ती बिथरून औरंगजेबाच्या अंगावर आला. चौदा वर्षांचा पोरगा पळाला नाही, भाला घेऊन उभा राहिला. बापाने कौतुक केलं, सोन्याने तुला केली. पण पुढे बापाने एकाला सुभे सांभाळायला दूर धाडलं आणि दुसऱ्याला सतत आपल्या जवळ ठेवलं. औरंगजेब दख्खनमध्ये, गुजरातेत, बल्खच्या थंडीत, मुलतानात फिरत राहिला. दारालाही मोठमोठे सुभे होते, पण ते सांभाळायला त्याचे नायब. तो स्वतः दरबारात.

दरबारात बसून तो करत काय होता? वाचत होता. लाहोरचे सूफी संत मियाँ मीर आणि त्यांचे शिष्य मुल्ला शाह यांच्या नादी लागून तो कादिरी पंथात गेला. पंचविशीत त्याने सूफी संतांच्या चरित्रांचं पुस्तक लिहिलं. मग त्याला वाटायला लागलं की सत्य एकाच धर्माच्या मालकीचं असेल कशावरून? पंजाबातले संन्यासी बाबा लाल यांच्याशी लाहोरला त्याच्या लांबलचक चर्चा झाल्या, त्या लिहून ठेवलेल्या आहेत. काशीचे पंडित त्याच्याकडे येऊ लागले. रसगंगाधर लिहिणारा जगन्नाथ पंडित मुघल दरबारातच होता.

इथे एक मराठी माणूस येतो. कवींद्राचार्य सरस्वती. मूळचे गोदावरीकाठचे, संन्यास घेऊन काशीला स्थायिक झालेले. काशी आणि प्रयागच्या यात्रेकरूंवर मुघल सरकारचा कर होता. कवींद्राचार्य पंडितांना घेऊन शाहजहानच्या दरबारात गेले आणि त्यांनी तो कर माफ करून घेतला. देशभरातल्या पंडितांनी त्यांच्या स्तुतीत श्लोक लिहून पाठवले, त्याचा एक अख्खा ग्रंथ झाला. त्यांना बादशहाकडून 2000 रुपयांचं वर्षासन होतं आणि दाराच्या वर्तुळात त्यांची उठबस होती. औरंगजेब आल्यावर ते वर्षासन बंद झालं.

1655 मध्ये दाराने मजमा-उल-बहरैन लिहिलं, म्हणजे दोन समुद्रांचा संगम. सूफी विचार आणि वेदांत यातले शब्द वेगळे, गाभा एक, हे दाखवायचा तो प्रयत्न. त्याची संस्कृत आवृत्तीही आहे, समुद्रसंगम नावाची. आणि 1657 मध्ये त्याने आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हातात घेतलं. काशीहून पंडित आणि संन्यासी दिल्लीला बोलावले, यमुनेकाठी निगमबोध घाटाजवळच्या आपल्या वाड्यात बसवले आणि सहा महिन्यांत सुमारे 50 उपनिषदांचा फारसीत अनुवाद करून घेतला. नाव दिलं सिर्र-ए-अकबर, थोर रहस्य. कुराणात ज्या एका गुप्त ग्रंथाचा उल्लेख येतो तो म्हणजे उपनिषदंच, असं त्याचं मत होतं.

हे वाक्य नीट बघा, कारण आज दाराला जो तो आपल्या सोयीने वापरतो. कोणी त्याला धर्म सोडलेला म्हणतं, कोणी आजच्या भाषेतला सेक्युलर. तो दोन्ही नव्हता. तो श्रद्धाळू मुसलमान होता आणि कुराण अजून चांगलं कळावं म्हणून उपनिषदांकडे गेला होता. पण बोटात प्रभू असं नागरी अक्षरात कोरलेली अंगठी घालून फिरायचा. औरंगजेबाच्या दरबारी इतिहासात हाच त्याच्यावरचा एक आरोप म्हणून नोंदलेला आहे.

या पुस्तकाचं पुढे काय झालं तेही भारी आहे. सव्वाशे वर्षांनी त्याची एक प्रत आंकतिल द्युपेरों नावाच्या फ्रेंच माणसाच्या हाती लागली. त्याने 1801-02 मध्ये ती लॅटिनमध्ये छापली आणि ती वाचून जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉवर वेडा झाला. युरोपने उपनिषदं पहिल्यांदा वाचली ती अशी, संस्कृतातून फारसी, फारसीतून लॅटिन.

हे सगळं चांगलंच. पण बादशाह व्हायला निघालेल्या माणसाचं इथेच चुकत होतं.

1653 मध्ये कंदहार घ्यायची जबाबदारी दाराने मागून घेतली. औरंगजेब तिथे दोनदा हात हलवत परतला होता, त्यामुळे आता आपण करून दाखवू ही खुमखुमी. मोठ्या तोफा, प्रचंड फौज, आणि वर सोबत मंत्रतंत्र करणारे लोकही घेऊन गेला, असं समकालीन वृत्तांत सांगतात. काही महिने वेढा घालून तोही हात हलवत परत आला. शिवाय तो तोंडाचा फटकळ. दरबारातल्या जुन्या सरदारांची टिंगल करायचा, आपल्याइतकं कोणाला कळत नाही असं वागायचा. मिर्झाराजे जयसिंगांसारखा माणूस त्याने असाच दुखावून ठेवला होता. बापाने तख्ताशेजारी सोन्याची खुर्ची दिली, शाह-ए-बुलंद इक्बाल असा किताब दिला, आणि त्याला वाटलं की विषय संपला.

उपनिषदांचा अनुवाद पूर्ण झाला आणि दोन-तीन महिन्यांतच, सप्टेंबर 1657 मध्ये, शाहजहान दिल्लीत आजारी पडला. दाराने बातम्यांवर बंदोबस्त ठेवला, रस्ते अडवले. उलटंच झालं. बादशाह मेला अशी अफवा चारी दिशांना पसरली. बंगालमध्ये शुजाने, गुजरातेत मुरादने स्वतःला बादशाह जाहीर केलं. औरंगजेब दख्खनमध्ये होता. तो गप्प बसला, मुरादला गोड बोलून आपल्याकडे ओढलं आणि मग निघाला.

तो निघाला याचा आपल्याशी थेट संबंध आहे. विजापूरविरुद्धची मोहीम अर्धवट टाकून औरंगजेब उत्तरेकडे वळला. दख्खनवरची मुघलांची नजर दोन वर्षं हलली. शिवाजी महाराजांनी 1657 च्या शेवटी कल्याण-भिवंडी घेतली, आणि अफजलखानाला प्रतापगडाच्या पायथ्याशी संपवलं नोव्हेंबर 1659 मध्ये. त्याच्या दोनेक महिने आधी दिल्लीत दाराचा शेवट झाला होता. स्वराज्याला उसंत मिळाली त्यात दिल्लीच्या या भाऊबंदकीचा वाटा आहेच.

एप्रिल 1658 मध्ये उज्जैनजवळ धर्मतला औरंगजेब आणि मुरादने महाराजा जसवंतसिंगांचा पराभव केला. दाराची चांगली फौज त्याचा मुलगा सुलेमान शिकोह आणि मिर्झाराजांबरोबर शुजाच्या मागे पूर्वेला गेली होती. तिने शुजाला हरवलं होतं, पण ती वेळेत परतली नाही. दारा थांबलाही नाही. 29 मे ला आग्र्याजवळच्या समूगढला दोन्ही भाऊ समोरासमोर आले.

मे महिन्याचं आग्र्याचं ऊन, लोखंडी चिलखतं, माणसं नुसत्या उन्हानेच पडत होती. दाराकडून छत्रसाल हाडा आणि त्यांचे राजपूत थेट औरंगजेबाच्या हत्तीपर्यंत भिडले आणि कापले गेले. रुस्तमखान पडला. अशा वेळी दारा हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. कोणी म्हणतं एका सरदाराने घात करून तसा सल्ला दिला, कोणी म्हणतं हत्तीवर गोळे येत होते म्हणून उतरला. कारण काहीही असो, अंबारी रिकामी दिसली आणि सैन्याला वाटलं शाहजादा गेला. फौज फुटली. काही तासांत हिंदुस्थानचा बादशाह ठरला.

दारा त्या रात्री बापाला तोंड दाखवायलाही गेला नाही. बायकामुलं घेऊन दिल्लीकडे पळाला. औरंगजेबाने आग्र्याच्या किल्ल्याचं पाणी तोडलं, शाहजहान शरण आला आणि पुढची साडेसात वर्षं त्याच किल्ल्यात कैदेत राहून 1666 मध्ये वारला. मुरादचा उपयोग संपल्यावर त्यालाही कैद झाली.

इकडे मिर्झाराजे आणि दिलेरखान यांनी वारं ओळखून सुलेमानची साथ सोडली आणि औरंगजेबाला जाऊन मिळाले. नावं ओळखीची वाटतायत ना? हेच दोघं 1665 मध्ये पुरंदरला वेढा घालून बसले होते. आणि निकोलाव मनुची हा इटालियन, जो समूगढला दाराच्या तोफखान्यात होता, तोही पुढे मिर्झाराजांच्या छावणीत आला आणि तिथे शिवाजी महाराजांना भेटला. दाराच्या बाजूने लढलेली किंवा त्याला सोडून गेलेली बरीच माणसं पुढे आपल्या इतिहासात येतात.

दारा मात्र धावत राहिला. दिल्ली, लाहोर, मुलतान, सिंध, कच्छचं रण, गुजरात. अहमदाबादला त्याला पुन्हा माणसं आणि पैसा मिळाला. जसवंतसिंगांनी मदतीचा शब्द दिला होता, त्या भरवशावर तो अजमेरकडे सरकला. पण मिर्झाराजांनी मधे पडून जसवंतसिंगांना फिरवलं. मार्च 1659 मध्ये अजमेरजवळ देवराईला तो शेवटचं लढला आणि हरला. ज्या अजमेरला नवसाने जन्मला, तिथेच सगळं संपलं.

आता उरला इराणचा रस्ता. बोलन खिंडीच्या तोंडाशी दादर म्हणून ठिकाण आहे, तिथला जमीनदार मलिक जीवन. या माणसाला एकदा शाहजहानने हत्तीच्या पायी द्यायची शिक्षा दिली होती आणि दाराने मध्ये पडून त्याचा जीव वाचवला होता. दारा त्याच्याकडे निघाला तेव्हा वाटेतच नादिरा आजाराने वारली. तिची इच्छा होती हिंदुस्थानच्या मातीत दफन व्हायची. दाराने उरलेसुरले विश्वासू सैनिक तिच्या देहाबरोबर लाहोरला पाठवले, मियाँ मीरांच्या शेजारी. आता जवळ जवळजवळ कोणीच नव्हतं. आणि मलिक जीवनने, ज्याचा जीव वाचवला होता त्यानेच, जून 1659 मध्ये त्याला पकडून औरंगजेबाच्या माणसांच्या ताब्यात दिलं.

त्या वेळच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे 29 ऑगस्टला दाराची दिल्लीतून धिंड काढली. एक मरतुकडी, चिखलाने माखलेली हत्तीण, वर उघडी अंबारी, त्यात मळक्या जाड्याभरड्या कपड्यातला दारा आणि शेजारी पंधरा वर्षांचा मुलगा सिपिहर. मागे नंगी तलवार घेऊन नजर बेग. फ्रेंच वैद्य बर्नियरने ही धिंड बाजारात उभं राहून पाहिली. चांदणी चौकातले लोक धाय मोकलून रडत होते, मलिक जीवनला शिव्या देत होते, पण दाराला सोडवायला एकानेही हात उचलला नाही, असं तो लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी मात्र लोक बिथरले. दरबाराकडे निघालेल्या मलिक जीवनच्या माणसांवर दगड, शेण, छपरावरून राख, मिळेल ते पडलं. यात पुढाकार घेणाऱ्या हैबत नावाच्या शिपायाला मृत्युदंड झाला. औरंगजेबाने बघितलं की हा माणूस जिवंत ठेवणं परवडणार नाही. दरबारात मसलत झाली. दानिशमंदखान दाराचा वैरी होता, पण तो म्हणाला जीव घेऊ नका, ग्वाल्हेरला कैदेत टाका. बहीण रोशनआरा म्हणाली मारा. आणि मामा, मुमताजचा सख्खा भाऊ, तोही म्हणाला मारा. मामाचं नाव शायिस्ताखान. होय, लालमहालात बोटं गमावलेला तोच.

उलेमांनी धर्मद्रोहाचा निकाल दिला. त्याच रात्री नजर बेग आणि त्याची माणसं कोठडीत आली. सिपिहर बापाला बिलगला होता, त्याला ओढून बाजूला केलं. दाराने लपवलेला एक छोटा चाकू काढून झटापट केली, पण किती वेळ टिकणार. तो 44 वर्षांचा होता.

सुलेमान शिकोह गढवालच्या राजाकडे लपला होता. त्यालाही पकडून ग्वाल्हेरला नेलं आणि अफूच्या बोंडांचं पाणी रोज पाजून हळूहळू संपवलं. सिपिहर कैदेत राहिला, आणि विचित्र गोष्ट अशी की 1673 मध्ये औरंगजेबाने आपली एक मुलगी त्यालाच दिली. दाराची मुलगी जहानझेब औरंगजेबाच्या मुलाची, आझमची बायको झाली.

दारा तख्तावर आला असता तर, हा प्रश्न तेव्हापासून लोक विचारतात. जिझिया परत आला नसता, काशीचं वर्षासन चालू राहिलं असतं, असं म्हणायला जागा आहे. पण ज्याला सरदार सांभाळता आले नाहीत त्याला काबूल ते दख्खन एवढं राज्य सांभाळता आलं असतं का? मला नाही वाटत. आणि बादशाह दारा दख्खनवर चालून आलाच नसता, याचीही हमी कोण देणार.

औरंगजेबाची कबर कुठे आहे ते आपल्याला माहिती आहे, खुलताबादला. दाराला दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्यात पुरलं, पण ती जागा मकबऱ्यात फिरणाऱ्याला दाखवता येत नाही, कारण तिथे शंभराहून जास्त कबरी आहेत आणि बहुतेकींवर नावच नाही. औरंगजेबाचा दरबारी इतिहास आलमगीरनामा एवढंच सांगतो की घुमटाखाली, अकबराची मुलं मुराद आणि दानियाल जिथे आहेत, तिथे त्याला ठेवलं. डलहौसीची पाटी उतरवून तीन वर्षं झाल्यावर, 2020 मध्ये, केंद्र सरकारने ती कबर शोधायला पुरातत्त्वातल्या जाणकारांची सात जणांची समिती नेमली.